हिच्या बाजूला गळणारा टप

सोमवार, ४ सप्टेंबर

ही भावाकडे गेली त्याला आज आठ दिवस झाले. जाताना म्हणाली होती, "चार दिवस जाऊन येते." चाराचे आठ झाले म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं कळण्याइतका शहाणा मी नक्कीच आहे. म्हणून आजपासून ही वही. नोकरीत प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवायचो, तशीच इथे ठेवणार. एकतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. लिफ्ट मध्येच अडकली की आतले ओरडतात, बाहेरचे बटणं दाबत सुटतात, आणि दोघांचाही उपयोग शून्य. शांतपणे बिघाड शोधायचा असतो. बिघाड एकच असतो, बाकी सगळा त्याचा पसारा.

आमचा बिघाड मला सापडलाय. गाडीचा टप गळतो.

२६ तारखेला, शनिवारी, हिचा निरोप समारंभ होता. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत हिने बत्तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. मी घ्यायला गेलो होतो. आत चला म्हणून ही दोनदा बाहेर येऊन गेली, पण गाडीला जागा मिळाली होती ती नेमकी झाडाखाली, आणि वर पक्ष्यांचं संमेलन भरलेलं. पक्ष्यांची घाण कापडी टपावर वाळली की कापड खाते. मी ओलं फडकं घेऊन दोन तास गाडीपाशी उभा राहिलो. येताना पाऊस लागला आणि हिच्या बाजूला टप गळायला लागला. नवे कपडे भिजले. सगळ्यांनी सह्या करून दिलेलं मोठं कार्ड मांडीवर होतं, त्याची शाई पसरली. मी लगेच गाडी थांबवून सीट पुसून घेतली. घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

म्हणजे सरळ आहे. टप दुरुस्त झाला की ही परत येईल. मी स्वतः आणायला जाईन, आणि तेही भर पावसात.

मंगळवार, ५ सप्टेंबर

आज टप धुतला. गाडी नऊ वर्षांपूर्वी जुन्यात घेतलेली, दोन दारांची. टप मागे दुमडला की डोक्यावर नुसतं आकाश. घेतली तेव्हा ही म्हणाली होती, "घरात घड्या घालायला कपडे कमी पडत होते का?" मूळची विनोदी आहे ही. अलीकडे विनोद कमी झाले होते, ते मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

कपडे धुवायच्या साबणाचा चुरा बाथरूममध्ये होता. किती घ्यायचा ते माहीत नव्हतं, म्हणून दोन पेले घेतले. ब्रश नवा आणला, चांगला कडक. गोल गोल फिरवून घासलं. मग जो फेस सुरू झाला तो थांबेचना. बादल्या ओतता ओतता नाकी नऊ आले. शेजारच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "वहिनी नाही आल्या अजून?" मी म्हणालो, "काम चालू आहे."

गुरुवार, ७ सप्टेंबर

टप वाळला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. काळ्या कापडावर पांढरे ओघळ, आणि ब्रश जिथे जिथे गोल फिरवला तिथे कापडाला लव सुटलेली. लोकांच्या लिफ्टमध्ये ग्रीस जास्त झालं तरी शेरा मारणारा मी!

कुशनवाल्याकडे गाडी नेली. हा म्हातारा गाड्यांच्या सीटा आणि टप शिवतो, हात अजून चांगला आहे. त्याने बोट ओलं करून कापडावर टेकवलं. थेंब लगेच मुरला.

"कशाने धुतलात?"

मी सांगितलं. ब्रशही दाखवला.

"साहेब, हे कापड आहे, फरशी नव्हे. याच्या अंगात पाणी अडवणारं औषध असतं, ते तुम्ही धुऊन काढलंत. आता ही मच्छरदाणी झाली."

मग त्याने सगळं नीट सांगितलं. कापडाच्या टपासाठी वेगळा शाम्पू मिळतो, तो पातळ करून घ्यायचा. ब्रश मऊ केसांचा. हातभर तुकडा घ्यायचा, विणीच्या दिशेने हलक्या हाताने घासायचा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचा, मगच पुढचा तुकडा. मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीला ब्रश लावायचा नाही. दोन दिवस सावलीत वाळवायचा. त्यानंतर औषधाचे दोन हात, मध्ये एक रात्र सोडून.

"घाई केलीत तर सगळं पहिल्यापासून," म्हणाला. मग विचारलं, "बाई दिसल्या नाहीत? मागे सीटांचं कापड निवडायला त्याच आल्या होत्या."

"भावाकडे गेलीय. चार दिवसांसाठी."

"कधी?"

"सत्तावीसला."

त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगितला. मला वेळ नव्हता, तसं म्हणालोही, तर म्हणाला, "बसा हो."

शनिवार, ९ सप्टेंबर

मेहुणा आला होता. हिची औषधं, जुना चष्मा आणि कपाटातले उबदार कपडे घेऊन गेला. मी म्हणालो, थंडीला अजून दोन महिने आहेत. तर म्हणाला, "ताईने यादी दिलीय, भावोजी." यादी हिच्याच अक्षरात होती. अक्षर फार नेटकं आहे हिचं, एकाखाली एक ओळी अगदी सरळ. यादी मी ठेवून घेतली.

त्याला अंगणात नेऊन टप दाखवला. शाम्पू, ब्रश, वीण, सगळं समजावलं. पाऊण तास ऐकत होता बिचारा. गाडीतलं त्याला कळतं असं नाही, पण माणूस सभ्य. जाताना फाटकात थांबला.

"भावोजी, ताईला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "सांग, पांढरे ओघळ निघतील."

मंगळवार, १२ सप्टेंबर

आजची नोंद महत्त्वाची.

शाम्पूने टप दोनदा धुऊन झालाय, काल पूर्ण वाळला. ओघळ निघाले. पण गळती नेमकी कुठून हे कळल्याशिवाय औषध मारणं म्हणजे अंधारात तीर. म्हणून शिडी गाडीला लावली, पाण्याची नळी शिडीला बांधली, हळू धार टपावर सोडली आणि आत जाऊन बसलो. माझ्या बाजूला. दहा मिनिटं झाली, एक थेंब नाही. मग सरकून हिच्या बाजूला बसलो.

नऊ वर्षांत मी त्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो. बसायचं कारणच काय? गाडी तर मीच चालवतो. तिथून समोरचं फार कमी दिसतं, आरसा मध्ये येतो. पाय सरळ होत नाहीत, कारण माझी हत्यारांची पेटी तिथे खाली असते. ती तिथेच ठेवायची असं मीच ठरवलेलं. थोड्या वेळाने मानेवर, कानाच्या मागे, पहिला थेंब पडला. गार. मग दुसरा, नेमका तिथेच. वरची शिवण आहे, तिथल्या सुईच्या भोकांतून येतंय.

ही सांगायची, इथे गळतंय. मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसरा हात तिच्या डोक्यावर धरायचो, हाताला काही लागायचं नाही, आणि म्हणायचो, "कुठे गळतंय? तुला उगाच भास होतात." किती वेळा म्हणालो असेन? मोजलं नाही.

तिथे किती वेळ बसलो कुणास ठाऊक. शर्टाची कॉलर पूर्ण भिजली, मग भानावर येऊन नळी बंद केली. बिघाड सापडला, याचा आनंद व्हायला हवा होता. एवढं नक्की की आता काम सोपं आहे.

गुरुवार, १४ सप्टेंबर

कुशनवाल्याने मेणाचा गोळा दिला. शिवणीवर आतून बोटाने चोळायचा, भोकं बुजतात. अख्खी सकाळ हिच्या सीटवर मान वर करून बसलो होतो. मान अवघडली. हिच्या बाजूच्या दाराचं रबरही नवीन बसवलं, पेटी काढून डिकीत ठेवली.

शनिवार, १६ सप्टेंबर

मेहुणा आज शिलाईचं मशीन घेऊन गेला. तिकडे पडदे शिवायचे असतील, हिच्या वहिनीला मदत म्हणून. जड आहे मशीन, दोघांनी उचललं. मीच ते गाडीच्या जुन्या आवरणात गुंडाळून दिलं, ओरखडे पडायला नकोत. मशीनचं टेबल होतं तिथे भिंतीवर एक चौकोन उरलाय, बाकी भिंतीपेक्षा स्वच्छ.

विचारलं, "कधी येणार म्हणते?" तो मशीनकडे बघत म्हणाला, "तुम्ही एकदा फोन करा ना, भावोजी." मी म्हणालो, काम अर्धवट असताना फोन करून काय सांगू? नोकरीतही दुरुस्ती पूर्ण झाल्याशिवाय लिफ्ट चालू केली नाही कधी.

रविवार, १७ सप्टेंबर

लेकीचा फोन. दर रविवारी येतो. आधी आईशी बोलायची, शेवटी दोन मिनिटं माझ्याशी. हल्ली थेट माझ्याशीच बोलते, आणि बोलायला काही सुचत नाही दोघांनाही.

"बाबा, जेवताय ना नीट?"

"जेवतो. उद्या औषधाचा पहिला हात."

"कसलं औषध?" घाबरलीच ती.

"टपाचं गं."

ती म्हणाली, "बाबा, प्रश्न टपाचा नाहीये."

"मग? सीटचा? सीटा तर नव्या आहेत."

हसेल असं वाटलं होतं. तिने नाक ओढलं. सर्दी झालीय वाटतं. म्हणाली, "त्या दिवशी आईने सगळ्यांसमोर भाषण केलं, ठाऊक आहे तुम्हाला? पहिल्यांदा आयुष्यात. तुमच्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवली होती."

मला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. आत गेलो असतो तर कळलं असतं, हेही खरं. पण मग टपाचं काय झालं असतं, असं माझ्या तोंडात आलं. बोललो नाही. बोललो नाही याची इथे मुद्दाम नोंद करतो.

सोमवार, १८ सप्टेंबर

काचा आणि पत्रा कागदाने झाकून टपाला औषधाचा पहिला हात. वास उग्र. डोकं दुखतंय.

बुधवार, २० सप्टेंबर

दुसरा हात काल सकाळी दिला. आज चमच्याने टपावर पाणी टाकून पाहिलं. थेंब गोल होऊन उभा राहिला, टिचकी मारली की घरंगळत खाली. पंधरा-वीस वेळा टाकून पाहिलं. एवढं स्वच्छ काम मी नोकरीतही केलं नसेल. दाखवायला कुणी नव्हतं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांना हाक मारणार होतो, पण त्या आजकाल मला बघितलं की लगबगीने आत जातात.

दुपारी काहीच काम उरलं नाही. घरभर फिरलो. हिची वाचायची खुर्ची खिडकीकडे तोंड करून आहे, म्हणजे दाराकडे पाठ. मी घरात शिरायचो तेव्हा ही मला पाठमोरी दिसायची. खुर्ची आधी अशी नव्हती. कधी फिरवली हिने, मला सांगता येत नाही. एक वर्ष झालं असेल की पाच?

शनिवार, २३ सप्टेंबर

मेहुणा कुंड्या घेऊन गेला. सगळ्या, अकरा. दोन फेऱ्या कराव्या लागल्या. कुंड्या कुणी चार दिवसांसाठी नेत नाही, एवढं मलाही कळतं. शेवटची कुंडी मीच उचलून त्याच्या गाडीत ठेवली, तेव्हा तो म्हणाला, "पाणी घालत होतात तुम्ही, भावोजी? ताईला वाटलं होतं सगळी वाळली असतील." मी घालत होतो, रोज. टप धुऊन उरलेलं, पण घालत होतो.

घरात हिचं काय काय उरलंय ते मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

आकाश भरून आलंय. उद्या पाऊस पडला तर जाणार. नाही पडला तरी जाणार. खरं सांगायचं तर भीती वाटतेय. टपाची नाही.

रविवार, २४ सप्टेंबर

सकाळपासून धो धो पाऊस. मनासारखा. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, निघालो. एक तासाचा रस्ता. हिच्या सीटवर वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवला होता, गळलं तर डाग दिसावा म्हणून. पोहोचेपर्यंत कागद कोरडा ठणठणीत.

मेहुण्याच्या घरी पाहुणे होते, मुलांचा गोंधळ. ही दारात आली. केस कापलेत हिने, खांद्यापर्यंत. मी म्हणालो, "चल, गाडीत बसून बोलू." आढेवेढे घेईल असं वाटलं होतं, पण छत्री घेऊन आली आणि बसली. पाय लांब केले. "पेटी कुठे गेली?" म्हणाली.

"डिकीत ठेवली."

"अच्छा."

मी म्हणालो, "बघ." हिने वर बघितलं. बाहेर एवढा पाऊस, कापडावर नुसता ताशा वाजत होता, आणि आत एक थेंब नाही. हिने हात वर करून शिवणीवरून बोट फिरवलं.

"चांगलं झालंय काम," म्हणाली. मनापासून म्हणाली. हिला कामातलं कळतं.

मग मी सगळं सांगितलं. सुईची भोकं, मेण, औषधाचे दोन हात. आणि हेही सांगितलं की मी तुझ्या सीटवर बसून बघितलं, गळत होतं, भास नव्हता तुझा. ही समोरच्या काचेतून बाहेर बघत होती.

"त्या दिवशी तू भिजलीस म्हणून..." मी म्हणालो.

"अहो, भिजलं म्हणून कुणी घर सोडतं का?"

"मग कशासाठी सोडलंस? सांग ना. मला कळत नाही, खरंच कळत नाही."

"सांगून काय होणार? तुम्ही ते दुरुस्त करायला घ्याल."

मग पुढचं हिनेच सांगितलं.

हिने एक खोली घेतलीय. एक तारखेपासून. जवळच एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथे आठवड्यातले तीन दिवस काम मिळालंय. खिडकी मोठी आहे म्हणे, अकराही कुंड्या मावतात. लेकीला सगळं ठाऊक होतं. मेहुण्यालाही. कुशनवाल्यालाही अंदाज असणार. मी विचारलं, "एकटी राहणार?"

"सवय आहे," म्हणाली.

एरवी पावसात गाडीत बसलं की बोलायला काहीतरी असायचं. पुढे सरक, फडकं घे, काच पूस. आज काहीच गळत नव्हतं. मी हिच्याकडे बघितलं, हिच्या कापलेल्या केसांकडे, आणि हिला विचारायला माझ्याकडे एकसुद्धा प्रश्न नव्हता असं नाही, शंभर होते. पण कुठून सुरुवात करायची असते ते मला येत नाही. हिला काय आवडतं, हिने भाषणात काय सांगितलं, तीन दिवस काम आणि उरलेले चार दिवस काय. यातलं काहीही विचारता आलं असतं. मी म्हणालो, "मी गाडी विकून टाकतो."

"नका विकू," ही म्हणाली. "मग दिवसभर तुम्ही काय कराल?"

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. हिला खरोखर काळजी वाटत होती.

पाऊस थोडा कमी झाला. "निघते मी. आत पाहुणे आहेत," म्हणाली. छत्री सावरली, दार उघडून उतरली. हीच ती वेळ होती. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला चक्क कळत होतं. आणि मी काय म्हणालो?

"दार हळू लाव. रबर नवीन बसवलंय."

ही पावसात उभी राहिली. माझ्याकडे बघून थोडीशी हसली, पूर्वी हसायची तशी. "हो," म्हणाली. आणि दोन्ही हातांनी दार लोटलं, अगदी हळू, अजिबात आवाज न करता. मग मागे वळून न बघता घरात गेली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर स्टिअरिंगमागे दाराचा लाल दिवा लागलेला दिसला. दार नीट लागलंच नव्हतं. गाडी कडेला घेतली, पावसात उतरून हिच्या बाजूला गेलो आणि ते जोरात लावलं.